राघूचा श्वास आणि अक्कांची सांब्राणी

अक्का, तुमचा राघू आजारी आहे आणि त्याची ही अवस्था काही अंशी माझ्या हातून झाली आहे. सगळे दीर तुम्हांला अक्का म्हणत, म्हणून आम्ही मुलेही आपल्या आईला अक्काच म्हणत आलो. आज ऐंशीच्या घरात पोहोचल्यावरही दुसरा शब्द तोंडी येत नाही. तुम्हांला जाऊन बावीस वर्षे झाली. राघू तेव्हा दोन वर्षांचा होता. चोवीस हे त्याच्या जातीत पुष्कळ वय झाले, असे पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. त्याच्या छातीतला दोष जुना आहे. तो बरा होणार नाही, सांभाळत राहावे लागेल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. सकाळ-संध्याकाळ त्याला झाकणाच्या डब्यात बसवून यंत्राने औषधाची वाफ द्यायची. शेंगदाणे बंद करून शेवग्याचा पाला आणि गाजर घालायचे, पिंजऱ्यातला कागद रोज बदलायचा. मुख्य म्हणजे, बसल्या जागी श्वासागणिक शेपूट खाली-वर होते का, ते पाहायचे. तसे होत असेल तर श्वासासाठी त्याची झुंज चालली आहे असे समजायचे. आता मी दिवसभर तेच पाहतो. वर्तमानपत्र हातात असते आणि डोळे त्याच्या शेपटावर असतात.

त्या पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला कानडीत आजोबा म्हणून हाक मारत विचारले, "अज्जा, घरात धूर होतो का? अगरबत्ती, सांब्राणीचा धूप, डासांची कॉइल?"

"नाही," मी म्हणालो.

"स्वल्पसुद्धा नाही?"

"नाही म्हणजे नाही."

सून शेजारी पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "मामंजी, खोटं का सांगितलंत?"

"मी खोटे बोलत नाही. घरात धूर होत नाही. देवापुढे होतो."

"आणि देव काय गच्चीवर राहतो? पिंजऱ्यापासून तीन पावलांवर तर आहे!"

ऑटोवाल्याला मराठी येत नव्हते, तरी तो हसला. मी बसवनगुडीतले आमचे घर येईपर्यंत बाहेर पाहत राहिलो. दवाखान्यातल्या एका परक्या मुलीने तुमची रीत चूक ठरवावी, हे मला सोसणारे नव्हते. अंथरुणावरून तुम्ही राघू माझ्या हवाली केलात तेव्हाचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "संध्याकाळची सांब्राणी चुकवू नकोस. माणसांना दे, ह्यालाही दे. ऊर मोकळं राहतं." बावीस वर्षांत मी एक संध्याकाळ चुकवली नाही. चौथीनंतर मला शाळेतून काढून शिलाईच्या दुकानात बसवले. पण सांगितलेले काम पुरे करण्यात मी कधी कमी पडलो नाही.

लहानपणी माझीही छाती वाजत असे. शुक्रवारी तेल-न्हाणे झाले की तुम्ही मला स्वयंपाकघरात पाटावर बसवत असा, चुलीतले निखारे खापरात काढून त्यांवर सांब्राणी टाकत असा, वरून पंचा पांघरत असा. "ओढ रे श्वास, ढोंग्या! धूर काय चावतो का?" अक्का, मी श्वास ओढत नसे. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत मी तो कोंडून धरी. श्वासच नाही, तेव्हा छाती वाजणार कशी? तुम्ही शेजारच्या काकूंना हाक मारून सांगत असा, "बघा, कसा गप्प झाला! सांब्राणीसारखं औषध नाही." तुमचा आनंद मोडायचा धीर मला कधीच झाला नाही.

महिनाभर वाफ देऊनही राघूची छाती वाजतच होती. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या होत्या. एका शुक्रवारी, सून इंदिरानगरच्या तिच्या कचेरीतून यायच्या आधी, मी घाबरून तुमचाच उपाय केला. धुपाटणे पिंजऱ्याखाली ठेवले आणि वर पंचा टाकला. थोड्या वेळाने आवाज थांबला. पंचा उचलून पाहिले तर तो पिसे फुगवून, डोळे मिटून बसला होता. "बघा, कसा गप्प झाला," असे मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालो. इतक्यात तो दांडीवरून खाली पडला. चोच उघडी होती आणि सारे अंग श्वासाबरोबर हलत होते. धुरात गप्प होणे म्हणजे काय, हे ह्या घरात फक्त मला ठाऊक होते, आणि मलाच ते ओळखता आले नाही.

दवाखान्यात त्याला प्राणवायूच्या पेटीत ठेवले. मी उभा राहून डॉक्टरीणबाईंना सर्व खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. "सरी अज्जा, ठीक आहे, आता बंद करा," एवढेच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते. तेव्हापासून देवापुढे फक्त तेलाचा दिवा असतो. दिवा लावताना तुमची भीती वाटते आणि वळून पिंजऱ्याकडे पाहताना त्याची.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला तोलून वजन वहीत लिहायचे असते. औषधाची मात्रा त्यावर ठरते. काल एकशे बारा ग्रॅम होते. आज एकशे सहा भरले. एवढ्याशा पाखरासाठी ही घट मोठी आहे. मी तीनदा तोलले.

"मामंजी, किती?" सुनेने आतून विचारले.

"एकशे बारा," मी म्हणालो आणि वळणदार अक्षरात तसेच लिहिले.

ती कामावर गेली आणि मी हे पत्र लिहायला घेतले. ते पाठवायला पत्ता नाही, हे मला कळते. वही समोर उघडी आहे. आकडा खोडून खरा लिहायला हवा आणि दवाखान्यात फोन करायला हवा. पण "अज्जा, आता उपाय नाही," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या तर पुढे काय करायचे, हे मला ठाऊक नाही. म्हणून आधी तुम्हांला लिहीत बसलो.