पेटीतल्या गोळ्या आणि माझी मान

धाराशिव, सोमवार

तीर्थरूप शांताक्कांना बंडप्पाचा शरणार्थ.

(तीर्थरूप आईवडिलांना लिहितात आणि थोरल्या बहिणीला तीर्थस्वरूप, हे मला ठाऊक आहे. पण आई गेल्यावर माझ्या डोक्याला तेल तुम्हीच चोपडलंत, तेव्हा तीर्थरूपच राहू द्या.)

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? झोप लागते का? पान खायचं सोडल्यावरही तोंड चालूच असतं, ते थांबलं का? संक्रांतीला मी त्यावरून तुमची थट्टा केली होती, आठवत असेल. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसता आणि परंड्याची अर्धी गल्ली आपल्या बोलण्यात भाग घेते. मागच्या खेपेला मी तुम्हाला विचारलं आणि उत्तर शेजारच्या विठाबाईंनी दिलं. शिवाय राग आला की तुम्ही फोन कापता. पत्र कापता येत नाही. तुमच्या श्रीशैलच्या हातात मुद्दाम देऊन पाठवलंय आणि आई शेवटपर्यंत वाचेपर्यंत तिथून हलू नकोस असं बजावलंय.

वाशीहून तुमच्या कानावर काय आलंय ते मला समजलं. दाजी नाहीत म्हणून शिवांजलीच्या सोयरिकीचं बोलायला मामा या नात्यानं बंडप्पा गेला, आणि मुलाच्या वडलांनी 'तुम्हाला आमचं घर पसंत आहे का' असं विचारताच बंडप्पानं भर बैठकीत तोंड फिरवलं, असंच ना? खरं आहे. तोंड फिरलं. पण ते मी फिरवलं नव्हतं.

याला थोडं मागून सांगावं लागेल. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली तेव्हा माझ्याकडं दोन गोष्टी कायम असत, तिकिटं आणि उलटीच्या गोळ्या. घाट लागायच्या आधीच कुणाचा चेहरा पडलाय ते मला मागच्या दारातून कळायचं. तिकिटाबरोबर गोळी द्यायची, माणूस आशीर्वाद देत उतरायचा. रिटायर झालो, पेटी डेपोत जमा केली आणि चार दिवस असा कासावीस झालो की जुन्या बाजारातून तसलीच एक पेटी शोधून आणली. जिथं तिकिटांच्या गड्ड्या असायच्या त्या खणांत आता गोळ्यांच्या पट्ट्या लावल्या आहेत. उलटीची वेगळी, गॅसची वेगळी, पोट जड झालं तर ते पुढं ढकलायची वेगळी. लग्न असो, तेरावं असो, पंगत उठली की लोक हात धुवून थेट माझ्याकडं येतात. (तुमची सून म्हणते, मामांना अजून सुटे पैसे मागतील लोक.) सांगायला लाज वाटते, पण मला ते फार आवडायचं.

आता माझं स्वतःचं. दिवाळीनंतर जेवलं की पोटात धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जेवणाआधी घ्यायची गोळी दिली, पाच दिवस. पाच दिवसांत इतका आराम पडला की मी मनाशी म्हटलं, जी गोळी पाच दिवसांत एवढं करते ती पाच महिन्यांत काय करील. रिकामी पट्टी दुकानात दाखवायची, भरलेली घ्यायची. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मी दाखवली नाही. डॉक्टरांकडं परत गेलो नाही, कारण बरं वाटत असताना दवाखान्यात जाणं मला उगीच वाटायचं.

वाशीला निघालो त्या सकाळी मी पुढचा विचार केला. मुलाकडचं घर, पुरणपोळीचा बेत, वर तुपाची धार आणि आग्रह. मामानं ताटात टाकलं तर भाचीला नावं ठेवतील. म्हणून डॉक्टरची गोळी घेतली. एसटीनं जायचं होतं म्हणून पेटीतली उलटीची घेतली. वाटेत पोळ्यांची आठवण झाली तशी अंदाजानं आणखी एक घेतली. एकूण तीन. थोड्या वेळानं पाय असे वळवळू लागले की एका जागी बसवेना. उठायचो, बसायचो, परत उठायचो. शेवटी कंडक्टर म्हणाला, काका, उतरायचं हाय का बसायचं ते एकदा ठरवा. मला, एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला, हे ऐकून घ्यावं लागलं.

मुलाचं घर चांगलं आहे, अक्का. राजशेखर शाळेत मास्तर आहे, नजर खाली आणि बोलणं मोजकं. शिवांजली त्याच्याशी फोनवर बोलून आल्यावर कशी हसते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्याचे वडील धुळाप्पा आडत दुकान चालवतात. माणूस भारदस्त, मानपानाला पक्का. जेवणं झाली (चार पोळ्या, खोटं सांगत नाही), बैठक बसली, धुळाप्पांनी घसा साफ केला आणि तो प्रश्न विचारला. मी हसून हो म्हणायला गेलो तर जबडा घट्ट. मग मान आपोआप डावीकडं वळायला लागली. मी उजवीकडं ओढतोय, ती डावीकडं जातेय. डोळे वर आढ्याला. डावीकडं स्वयंपाकघराचं दार, दारात साऱ्या बायका उभ्या. म्हणजे धुळाप्पांकडं पाठ आणि बायकांकडं टक लावून मामा बसलेले, असं ते दृश्य होतं.

धुळाप्पा ताडकन उठले. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणालं अंगात आलं. एका म्हाताऱ्यानं कपाळाला विभूती फासून देवाला काय हवंय ते मलाच विचारलं. मला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं, पण शब्द फुटत नव्हता. त्या वेळी माझ्या मनात काय आलं सांगू? मान मोडली तरी चालेल, पण पोरीची सोयरीक मोडू नये. डोळ्यांतून पाणी आलं, तेही डावीकडंच वाहत होतं.

वाचवलं मुलाच्या आईनं. चन्नम्मा आयुष्यभर अंगणवाडीत होत्या, शंभर आजारी लेकरं बघितलेली बाई. त्या जवळ आल्या, माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "दादा, कंची गोळी घेतलीय का तुमी?" मी पेटीकडं बोट केलं. त्यांनी पेटी काखेत मारली आणि मला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं वैष्णवी नावाच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, आपल्या शिवांजलीच्याच वयाच्या. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि पाव तासात मान जागेवर आली. समोर धुळाप्पाच उभे होते, म्हणून मी आधी त्यांना म्हणालो, "पसंत हाय." ते इतके हसले की बाकावर बसले.

मग डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली. माझी एवढी अब्रू एकतीस वर्षांत कुठल्या तपासनिसानं काढली नव्हती. दोन पट्ट्या शेजारी ठेवून म्हणाल्या, "काका, वरची नावं वेगळी, आत औषध एकच. मेटोक्लोप्रामाइड. तुम्ही तेच तीनदा घेतलंत." हे औषध पोट हलवतं तसं मेंदूपर्यंतही पोचतं, म्हणून चार-पाच दिवसांपुरतंच द्यायचं असतं, आणि तेही माणूस बघून, त्याची बाकीची औषधं विचारून. एकाला लागू पडलं म्हणून दुसऱ्याला वाटायचं नसतं. पेटी त्यांनी ठेवून घेतली. हातात रिकामी जागा घेऊन मी परत आलो.

तर अक्का, राग सोडा. धुळाप्पा येत्या रविवारी परंड्याला येताहेत, मामाची मान सरळ आहे ना एवढंच बघायला, असं त्यांनी हसत सांगितलंय. होकार तयार ठेवा आणि पुरण थोडं कमी गोड करा.

तुमचा आज्ञाधारक,
बंडप्पा

ता. क. गेल्या श्रावणात तुमचं पोट फुगलं होतं तेव्हा मी पेटीतल्या दहा पट्ट्या तुम्हाला दिल्या होत्या, आणि संपल्या की श्रीशैलकडून आणखी पाठवत आलो. उरलेल्या त्याच्याजवळ द्या. टाकू नका, डॉक्टरीणबाईंना दाखवायच्या आहेत. आजपासून त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. बीपीची गोळी मात्र चालू ठेवा, ती या भानगडीतली नाही.

ता. क. दुसरा. वर सगळं लिहिलं, पण ज्यासाठी कागद घेतला ते लिहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही गोळी अजून कुणाला दिलीत. मी अकरा नावं सांगितली. मग त्या म्हणाल्या, वयस्क बायकांना फार दिवस दिली तर ओठ-जीभ आपोआप हलत राहतात, उगीच चघळल्यासारखं, आणि वेळेवर ओळखलं नाही तर ते कायमचं राहू शकतं. बाराव्या नावाला माझा जबडा पुन्हा घट्ट झाला, या खेपेला गोळीशिवाय. अक्का, ज्याच्यावर मी सगळ्यांदेखत हसलो ते पान नव्हतं, वय नव्हतं. ती माझी गोळी होती. मग बाहेर जाऊन परत आत आलो आणि तुमचं नाव सांगितलं. त्यांनी गुरुवारी सकाळी बोलावलंय. श्रीशैल जीप आणतोय, मी वाशीच्या स्टँडवर उभा असेन. सोयरिकीचं काम आहे म्हणून टाळू नका.

ता. क. तिसरा. लहानपणी मला ताप आला की तू कडू काढा आधी स्वतः पिऊन दाखवायचीस, मग मला पाजायचीस. (तुला अगं-तुगं केलं, राहू दे, खोडत नाही.) ही गोळी तुला देताना मी तसं केलं नाही. आता आधी घेऊन बघितली आहे. चांगली नाही, अक्का. तू घेऊ नकोस.