डॉक्टरांच्या घरासमोरचे पाणी

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा होड्या बांधणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचा दाब नाही. राग आहे, तो माझा स्वतःचा आहे.

१. तलावाकाठचे घर व होड्यांची शेड मुलीला. बँकेतली ठेव मुलाला. "बाबा, मिटवून टाका ना," असे तो तीन वर्षे म्हणतो आहे. त्याने ठेव घेऊन दुसरीकडे सुखाने राहावे.

२. शेजारी दातांचे डॉक्टर. बंगला त्यांचा, पायऱ्या त्यांच्या, पाणी सगळ्यांचे. आम्हा होडीवाल्यांची रीत अशी की कोणाच्या घरासमोरून जाताना वल्हे उचलायचे, खिडकीकडे बघायचे नाही, आणि घरात आजारी माणूस असेल तर लांबून वळसा घ्यायचा. डॉक्टरांच्या आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "काका, आईला आवाज सहन होत नाही हो." मी त्याच दिवसापासून सगळ्यांना वळसा घ्यायला लावला. बाई गेल्या. लगेच कसे जायचे, म्हणून आम्ही वळसा घेतच राहिलो, अकरा वर्षे. मग डॉक्टरांनी पाण्यात दोर बांधला आणि कोर्टात शपथेवर सांगितले की अकरा वर्षांत इथून एकही होडी गेली नाही, वहिवाट संपली. खालच्या कोर्टाने ते मानले. माझ्या माणुसकीचा त्यांनी पुरावा केला, आणि धोंडा मीच माझ्या पायावर मारून घेतला. मला त्यांची चीड येते, त्याहून जास्त माझी येते.

३. लांब होडी व वल्ही मुलीला. अपिलाचा निकाल काहीही लागो, तिने रोज सकाळी डॉक्टरांच्या समोरूनच जावे. त्यांच्या घरात कोणी आजारी असेल तर वल्हे जरूर उचलावे. वळसा घेऊ नये.

४. डॉक्टरांनी बनवलेली कवळी डॉक्टरांना परत. ती एक दिवस धड बसली नाही.

साक्षीदार: होड्या रंगवणारा माझा जुना जोडीदार, आणि शाळेतल्या निवृत्त बाई. दोघांनाही पोहता येते, हे विचारूनच बोलावले. दोर तोडलेला नाही, वल्ह्याने खाली दाबून होडी आत घेतली.

स्थळ: डॉक्टरांच्या पायऱ्यांपासून दहा हात, पाण्यावर.
दिनांक: अकरा मार्च, सकाळी सव्वाआठ.
सही व दोन्ही साक्षीदारांच्या सह्या.

ता. क. डॉक्टर पायऱ्यांवर उभे राहून बघत आहेत. इथून होडी गेली याला तिसरे साक्षीदार तेच.