‘काहीही’चा वारस

मी, एवारिस्तो बेतांकोर, राहणार पायसांदू, नदीकाठच्या इमारतीचा तिसरा मजला. गुडघ्यांनी जिना सोडला आहे, डोके अजून ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहितो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी आरियादना हिला. कवितांची पुस्तके शेजारच्या एल्बियाबाईंना. त्या वाचणार नाहीत, पण धूळ झटकतील.

२. लोकर सहकारी संस्थेसाठी मी लिहिलेला तपासनीस, म्हणजे चुका पकडणारा संगणकातला प्रोग्राम, संस्थेकडेच राहावा. याबद्दल जरा सविस्तर. संस्थेचा प्रोग्राम चालू होण्याआधी तो त्यातली ओळन्‌ओळ वाचतो आणि कुठल्या नावामागे वजन आहे, कुठे तारीख, हे कोणी न सांगता ओळखतो. शाळेत गळ्याला निळी फीत बांधून आम्ही कविता म्हणायचो, तेव्हा बाई ओळ अर्धी सोडायच्या आणि यमकावरून शेवटचा शब्द आम्ही पुरा करायचो. अजून कानात आहे तो आवाज. पण पहिल्याच ओळीला यमक कुठून आणायचे? मागेपुढे खूण नसेल तिथे तपासनीसही अडून बसतो. इथे काय येणार ते लिहून द्या, म्हणतो.

३. संस्थेचा प्रोग्राम सांभाळणारा विल्देर सोसा याला माझ्याकडून काहीही मिळू नये. लोकरीच्या गाठींच्या नोंदीत तपासनीस एका जागी असाच अडला. तिथे कधी वजन येई, कधी काट्यावरच्या माणसाचा नुसता शेरा. विल्देरने चौकशी न करता तिथे लिहून टाकले, ‘काहीही’. वर मला म्हणाला, “घे म्हाताऱ्या, तुझं कुत्रं भुंकायचं थांबलं.”

थांबले खरे. त्या जागेतून जे जे पुढे गेले ते सगळेच ‘काहीही’ झाले. वजनाला शेरा चिकटला तरी तपासनीस हूं की चूं करीना. तेव्हापासून मेंढ्यांच्या कातरणीच्या हंगामात मीच एकेक नोंद तपासत डोळे फोडत बसतो. ते ‘काहीही’ उपटावे, तर निम्मा प्रोग्राम त्यावर उभा. हंगामात कोणी हात लावू देत नाही, हंगाम सरला की कोणाला आठवत नाही. खिडकीखालची नदी तेवढी समुद्राला जाते.

४. माझ्या आजारपणात आरियादनाने संस्थेचे दोनचार फोन घेतले. तेवढ्यावरून विल्देरने ठरवले, यापुढे हीच. म्हणून स्पष्ट लिहितो: ती या कामाला बांधील नाही. तिने समुद्रकाठी जाऊन मोकळे राहावे.

५. वरचे कलम वाचून ती म्हणाली, “समुद्र तुम्हाला हवा होता, बाबा. मला काय हवंय, हे विल्देरनं विचारलं नाही, तसं तुम्हीही नाही विचारलंत.”

मी विचारले.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “हंगाम तोंडावर आलाय, तुम्हाला अक्षरं दिसत नाहीत. अशात मी ठरवू काय आणि जाऊ कुठे?”

सबब कलम चारमधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. त्याखालची जागा कोरी सोडली आहे. तिथे लिहिण्याचा हक्क फक्त आरियादनाचा. ती लिहीपर्यंत ना संस्थेने, ना विल्देरने, ना माझ्या आठवणीने तिच्याबद्दल काही धरून चालावे.

सही: एवारिस्तो बेतांकोर (वाकडी आली आहे, पण माझीच)
साक्षीदार: ओमेरो चापे, औषधविक्रेता, मिर्ता लेन्सिना, तळमजल्यावरील शिंपीण
पायसांदू, ६ ऑक्टोबर २०२३