अब्बांनी सांगितलेली तारीख

पनवेल,
४ डिसेंबर २०१२

प्रिय मुआज,

मुबारकचाचा परवा कुवेतला परत चाललेत. त्यांच्या सामानात तुझ्यासाठी करंजा बंदरावरच्या सुक्या कोळंबीचे सोडे आहेत आणि त्याच पिशवीत हे पत्र. वास येईल, नाक मुरडू नकोस. फोनवर हे बोलायची माझी छाती होत नाही. तीन दिवस झाले रे, दारात दूधवाला आला तरी आधी खिडकीतून बघते.

तुला कधी बोलले नाही, पण कलम ६६ अ रद्द करा म्हणून मी फेसबुकवर एक पान चालवते. नेटवर लिहिलेलं कुणाला खटकलं की तीन वर्षांपर्यंत आत, असलं ते कलम. शाळेतून आले की तुझ्या खोलीत बसून लिहायचे. चार हजार सह्या जमल्या. लोकांना सांगायचे, बिनधास्त बोला. आणि मी शहाणी, स्वतः 'पनवेलकर' नावाआड. मागच्या महिन्यात लोकांच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्या एका पुढाऱ्याचं चित्र टाकलं. त्याच्या माणसांनी तक्रार केली.

शनिवारी दोन पोलीस घरी आले, मी शाळेत होते. अब्बांना वाटलं, तुझ्या पासपोर्टच्या चौकशीला आलेत, मागे आले होते तसे. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा पाजला, तुझा फोटो दाखवला. मुलगा कधी येणार विचारल्यावर तारीख, विमान, सगळं कौतुकाने सांगितलं. मला म्हणाले, फार भली माणसं होती. अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही.

मुआज, जाताना पोलिसांनी डोंगलचा नंबर तुझ्याच नावावर ना, हे विचारून लिहून नेलंय. तू नेटसाठी घेऊन दिलेला तो डोंगल, ते पान मी त्यावरूनच चालवते. म्हणजे त्यांच्या कागदावर लिहिणारा तू आहेस. वीस तारखेला विमानतळावर तुला धरलं तर नोकरी गेली, व्हिसा गेला. तिकीट रद्द कर. लिहिणारी मी, हे मी पोलीस ठाण्यात जाऊन सांगणार आहे. काल फाटकापर्यंत गेलेही होते, तिथूनच रिक्षा करून परत आले. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही, म्हणून लिहून देते: ते पान माझं, चित्र मी टाकलं, माझ्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं. मी कच खाल्ली तर हा कागद वकिलाला दे. माझ्याकडे बघून लपवू नकोस.

तुझीच आपा,
ताहिरा याकूब धनसे