पडदे उन्हासाठी ओढले होते

ॲक्रॉइड रो, थॉर्नली
जुलै १९७६

ती. एनिडवन्संना आयव्हीचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमची, हर्बर्टभावोजींची आणि मुलांची प्रकृती प्रभूच्या कृपेने उत्तम असेल. तुमच्याकडे ॲडलेडला आता हिवाळा असेल. नुसता हा शब्द लिहिला तरी बरं वाटलं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत म्हणून लिहिते, पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा. पण सगळ्यात आधी, तुम्ही चष्मा शोधायला उठायच्याही आधी, एक सांगते. सासूबाई हयात आहेत. काल त्यांनी हॅमचे दोन काप खाल्ले आणि मोहरी जुनी आहे म्हणून मला बोलल्या. माझी तार मिळाली असेलच : 'आई जिवंत. पडदे उन्हासाठी. पत्र पाठोपाठ.' तारेत शब्दागणिक पैसे पडतात, त्यामुळे मला मोकळेपणाने लिहिता आलं नाही. (पोस्टातल्या मुलीनेही विचारलं, "बाई, मधलं वाक्य नक्की ठेवायचंय ना?" मी म्हटलं, तेच तर सगळ्यात महत्त्वाचं आहे.) आता सविस्तर लिहिते.

तुम्ही याच घरात जन्मलात, तेव्हा घराबद्दल मी काय सांगायचं. ज्याने ही घरांची ओळ बांधली त्याला गारठा हा एकच शत्रू ठाऊक होता. हातभर जाड दगड, मागच्या भिंतीला पाठ लावून दुसऱ्याचं बिऱ्हाड, दार-खिडक्या काय त्या पुढच्या अंगाला. वारा चुकून आत आलाच, तर त्याला जायला वाट नाही. नकोशा पाहुण्यासारखा तो तिथेच बसून राहतो. त्यात हे (तुमचे बंधू) दर ईस्टरला खिडक्या रंगवतात. इतक्या वर्षांच्या रंगाने चौकटी अशा चिकटल्यात की यांनी पाव कापायची सुरी घालून एक उघडायला घेतली, तर खिडकी तशीच राहिली आणि सुरी गेली. जिन्यावरही गालिचा. नळाला गरम पाणी हवं तर अजूनही शेगडीत कोळसाच पेटवावा लागतो, म्हणजे यांना गिरणीतून आल्यावर अंग धुवायचं असेल तर आधी सगळ्या घराने भाजून घ्यायचं. पावसाचं नाव नाही, धरणाचा तळ दिसायला लागलाय, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरात येतं. आणि वन्सं, मनाला एक टोचणी आहे. मार्चमध्ये नळ गोठला होता, तेव्हा चॅपलमध्ये गुडघे टेकून मीच थोडी ऊब मागितली होती. किती हवी ते सांगायचं राहून गेलं.

मला घोर लागला तो सासूबाईंचा. वरच्या खोलीत, कौलांच्या खाली, फ्लॅनेलचा झगा, त्यावर लोकरीची बंडी, पायाशी गरम पाण्याची पिशवी. ते काढा म्हटलं की म्हणतात, "जुलै आहे म्हणून काय सगळं सोडून बसू? मी काही नटी नाही." डॉक्टर बेअरस्टो येऊन गेले. म्हातारं हृदय आहे, उकाडा झेपणार नाही, खोली थंड ठेवा, म्हणाले. (कशी ठेवायची ते न सांगता गेले, तेवढ्यात त्यांचा स्वतःचाच सदरा पाठीला चिकटला होता.) पिशवीत मी गुपचूप गार पाणी भरायला लागले, तर त्यांनी ताबडतोब ओळखलं. त्या जेवेनाशा झाल्या. दुपारी डोळे मिटून पडल्या की मी जिना चढून छाती हलतेय का बघून यायची, खाली येईपर्यंत पुन्हा शंका, की पुन्हा वर. या महिन्यात मी एवढ्या वेळा जिना चढले की गालिचा मधोमध विरला.

अशात तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिलं होतंत की तुमच्याकडे ऊन वर आलं की खिडक्या लावून पडदे ओढून घेतात, आणि ते उतरलं की सगळं सताड उघडतात. आम्ही तर नेमकं उलटं करत होतो! ऊन पडलं की ते आत यावं म्हणून पडदे बाजूला. सबंध जन्म तीच सवय. सोमवारी हे कामावर जाता जाता सासूबाईंना पोत्यासारखं उचलून तळघरात घेऊन गेले. तिथे पूर्वी आपण दूध नि मांस ठेवायचो त्या दगडी फळीजवळ आरामखुर्ची टाकली. घरात गार अशी तेवढीच जागा. मग मी वर-खाली सगळ्या खिडक्यांवर हिवाळ्याचे जाड मखमली पडदे ओढले, कडा टाचण्यांनी जोडल्या, आणि तुमच्या नावाने देवाचे आभार मानले.

वन्सं, तुम्ही याच ओळीत वाढलात, तेव्हा तुमच्या ध्यानात एव्हाना आलं असेल. माझ्या नाही आलं. मी इथे सून होऊन आले तेव्हापासून कितीतरी जणांसाठी मी स्वतः पडदे ओढलेत. दिवसाढवळ्या पुढचे पडदे बंद म्हणजे त्या घरात माणूस गेलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण काळजीत अक्कल अशी जाते की विचारू नका. फटीतून बघते तर समोर सग्डनांच्या घरी पडदे ओढले जातायत. मग त्यांच्या शेजारी. मग ओळीने सगळीकडे. मला कोण आनंद झाला! म्हटलं, मी सग्डनांच्या नेलीला तुमचं पत्र वाचून दाखवलं होतं, ते तिने सगळ्यांना सांगितलेलं दिसतंय. सबंध रस्ता एनिडवन्संच्या सल्ल्याने चाललाय, हे तुम्हाला कधी कळवते असं झालं.

तेवढ्यात नेली सग्डन दारात. काळा झगा, हातात मयताच्या जेवणाला नेतात तसं उकडलेलं अख्खं हॅम, त्यावर स्वच्छ फडकं. आत आली, मला मिठी मारली (वन्सं, एवढ्या उकाड्यात!) आणि खालच्या आवाजात विचारलं, "फार त्रास झाला का गं त्यांना?"

"रात्रभर," मी म्हटलं. "आता शांत आहेत. आमच्या यांनी सकाळीच तळघरात नेऊन ठेवलं."

"तळघरात?"

"मग काय करणार? वर एवढं गरम, टिकल्या नसत्या."

नेली खुर्चीत बसली. हॅमवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "आयव्ही, काटकसर मीही करते गं. पण शवपेटीवाल्याला तरी बोलवायचं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड उघडणार तर ती म्हणते, "तू काही बघू नकोस. पाद्रींना निरोप गेलाय. आणि आमच्या वॉल्टरला केव्हाच पोस्टात पिटाळलंय, एनिडला तार करायला. तेवढं तरी शेजाऱ्यांनी करावं."

मी तशीच बाहेर धावले, एप्रनसकट. पण फुटपाथवर आधीच मंडळी जमली होती, पुरुषांच्या टोप्या हातात, आणि पाद्री पुलन साहेब काळ्या कोटात घामाने निथळत प्रार्थनेला उभे. ते आमच्या तळघरात कोळसा ओतायच्या भोकावरच्या जाळीवरच उभे होते, हे त्यांना कुठलं ठाऊक असायला? ते म्हणत होते की आपली ही भगिनी आता अशा ठिकाणी आहे जिथे ऊनही नाही आणि तहानही नाही. एवढ्यात त्यांच्या बुटांखालून आवाज आला, "आयव्ही! अगं ए आयव्ही! मेलीस की काय? चहा कुठाय?"

साहेब एकदम मागे सरले ते दूधवाल्याच्या रिकाम्या बाटल्यांत. म्हाताऱ्या मिसेस ग्रीनवुड खालीच बसल्या. मग खालून पुन्हा, "आणि डोक्यावर कोण उभं आहे? माझा उजेड अडवलाय!" तेव्हा वॉल्टर सग्डन, नुकताच पोस्टातून परतलेला, टोपी डोक्यावर ठेवून म्हणाला, "बाईच आहेत. शंकाच नको."

सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, धक्क्याने खरंच काहीतरी व्हायचं. त्या म्हणाल्या, "मला वर ने." खिडकीशी खुर्ची घ्यायला लावली, पडद्याची एक टाचणी काढली आणि सबंध ओळ न्याहाळली. "हॉलरॉइडबाईंनी पडदे ओढले नाहीत," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या नवऱ्याच्या वेळी आठवडाभर बंद ठेवले होते. लक्षात ठेव." मग हॅम मागितलं. नेली बिचारी ते परत न्यायला आली होती. तिला दारातच हाकलली. "माझ्या नावाने आणलंयस ना? मग माझं आहे." कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदा पोटभर जेवल्या. आणि वन्सं, खोटं कशाला बोलू, सगळेच पडदे बंद राहिल्याने त्या दिवशी ओळीतलं प्रत्येक घर गार होतं. आता सगळेच तसं करतात. (त्यातून मला नवीनच घोर लागलाय. पडद्यांना आता कोणी विचारीत नाही. उद्या देव न करो खरंच काही झालं, तर रस्त्याला कळायचं कसं? हे म्हणतात, "तेव्हा उघड." यांना चेष्टा सुचते.)

वॉल्टरच्या तारेला तुमची उलट तार दुसऱ्या दिवशी आली : 'निघते आहे. माझ्यासाठी थांबा.' सासूबाईंनी ती यांच्याकडून दोनदा वाचून घेतली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि डोळे मिटले.

हे सांगतात की तुम्हाला स्पष्ट लिही : उगाच एवढा खर्च करू नये, विमान कंपनी बहुतेक तिकिटाचे पैसे परत देते, आई ठणठणीत आहे, आणि एवढ्या उकाड्यात पाहुण्यांची आबाळच होईल. ते मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं आहे. चॅपलमध्ये रविवारी पावसासाठी प्रार्थना आहे. मी या वेळी मोजकंच मागणार आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उन्हात डोकं झाकून फिरा असं लिहिणार होते, पण ते तुम्ही मला सांगायचं.

तुमची भावजय,
आयव्ही

ता. क. : यांनी पत्र वाचून 'ठीक आहे' म्हटलंय.

ता. क. २ : हे मी पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून लिहितेय, हे यांच्या वाचनात आलेलं नाही. तुमची तार वाचून सासूबाईंनी डोळे मिटले असं वर लिहिलंय, पण त्या आधी एक वाक्य बोलल्या. मी यांना म्हणत होते की ताबडतोब वन्संना कळवू या, आई बऱ्या आहेत. तर म्हणाल्या, "काही कळवायचं नाही. मी बरी आहे कळलं की ती पुढच्या वर्षी येईल. ती दर वर्षी पुढच्या वर्षी येते. पडदे राहू देत." रोज सकाळी त्या माझ्याआधी टाचण्या तपासतात. 'आई जिवंत' ही मी केलेली तार त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक होऊ देऊ नका. डॉक्टर काल पुन्हा येऊन गेले, जिन्यात थांबून जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तिकीट परत करू नका, वन्सं.

ता. क. ३ : दारात पाऊल टाकताना थोडं रडावं लागेल. तेवढ्या खोटेपणाचं मी देवाशी बघून घेईन. काळाच झगा आणा, पण सुती.