गावपळणीतली तपासणी

२६ नोव्हेंबर
वर्ष सरत आलं की सरकारला माझी आठवण येते! पाण्याचा अहवाल, काट्यावर नवा शिक्का, पंचायतीचा दाखला, विवरणपत्र, खाद्य परवाना. विकते मालवणी मसाला — तोफा नव्हेत!

२८ नोव्हेंबर
काट्याला शिक्का मिळाला. वजनमापवाल्या साहेबांनी काट्याकडे बघितलंही नाही. मसाल्याचं पाकीट मात्र हुंगून बॅगेत टाकलं. 'नमुना' म्हणे!

३० नोव्हेंबर
परवान्याची पाहणी १० तारखेला. १२ ला जुना संपतो. नवा नसेल तर दुकानदार माल उचलणार नाहीत. मग शर्मिला आणि तिच्याबरोबरच्या चौघी मिरच्या भाजून करणार काय?

२ डिसेंबर
देवाने कौल दिला — गावपळण! ९ ते ११ अख्खा गाव वेशीबाहेर राहुट्यांत. माणसं, गुरं, कुत्री सगळी. माझं माहेर जामसंड्याचं, मला हे अजून पचत नाही. सासूबाईंना म्हटलं, दहाला तासभर घरी येऊन जाईन. भडकल्या! "कोंबडी सुद्धा गावात ऱ्हवाची नाय, नि तू जातलंस?"

४ डिसेंबर
तारीख बदलून मागितली. फोनवरचा बाबा म्हणतो, "गाव पळतो म्हणजे? दरोडा पडलाय का?" त्यांच्याकडे पूर चालतो, आजारपण चालतं, देवाचा कौल चालत नाही. "गैरहजर असाल तर व्यवसाय बंद असं लिहावं लागेल." देव काय, सरकार काय, दोघांनाही तारीख आपलीच हवी!

१० डिसेंबर
गेले! ह्यांना बाजारात जाते सांगितलं आणि सड्यावरून मागच्या वाटेने गावात शिरले. कुठे कुत्रं भुंकत नव्हतं. खरं सांगायचं तर घाबरले होते. परवान्याचे साहेब आले, फरशी बघितली, फोटो काढले, "छान" म्हणून गेले. मी गुपचूप राहुटीत परत. आभाळ कोसळलं? काही नाही!

१२ डिसेंबर
सगळे गावात परतलो. परवाना मंजूर! ह्यांना दाखवला, तर हे तोंड फिरवून बसले. दोन दिवस राहुट्यांत सगळे माझ्याशी तुटक का वागत होते, ते मग कळलं. साहेब परवा जाताना राहुट्यांपाशी चहाला थांबले होते. गावासमोर म्हणाले, "मसालेवाल्या बाईंचं कौतुक आहे हं! अख्खा गाव बाहेर, त्या एकट्या हजर!" घ्या, सरकारी शाबासकी! सासूबाई एवढंच बोलल्या, "आमच्याच घरातलां माणूस गावपळण मोडूक गेलां." तेवढं मात्र लागलं.

१३ डिसेंबर
परवाना भिंतीवर लावला. मिरच्यांची पोती उघडून ठेवली. शर्मिला दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या आत आली नाही. "वैनी, आमी पाचय जणी आता कामाक येवचंव नाय."