गुरुजींचं पुण्याचं प्रशिक्षण

२ जुलै १९७४
आजही तेच. फळ्यावर 'झाड' लिहिलं, पहिलीची पोरं नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. विणकरांची वस्ती ही. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, आणि शाळेत एकदम मी.
हेडमास्तर महिपती गुरुजी उन्हाळ्यात पुण्याला प्रशिक्षण घेऊन आले – घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना कसं शिकवायचं, नेमकं त्याचंच. आम्हाला त्यातला शब्द सांगत नाहीत. विचारलं तर, "योग्य वेळी सांगू. तुम्ही धडे पुरे करा."

९ जुलै
परत विचारलं. "मुक्ताबाई, ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नसतं." आणि बसायला काही सांगितलं नाही.

१७ जुलै
पुस्तकात चिमणीच्या पिल्लाचं चित्र. मी 'पिल्लू' म्हटलं की वर्ग खिदळतो. चिडून सगळ्यांना उभं केलं. मधल्या सुट्टीत दुसरीच्या कमलम्माबाईंना सांगितलं. त्या घरच्या तेलुगू. त्याही हसायला लागल्या. "अहो, आमच्यात पिल्लि म्हणजे मांजर. चिमणीला मांजर झालं म्हणताय की तुम्ही!"
पोरांना ठोंब समजत होते मी.

१८ जुलै
कमलम्माबाई थोडा वेळ माझ्या वर्गात आल्या. नीळ्ळु – पाणी. चेट्टु – झाड. शाळा सुरू झाल्यापासून गप्प असलेली मायाक्का मोठ्यांदा 'झाड' म्हणाली. तेवढ्यात गुरुजी दारात. "आपापला वर्ग सांभाळा. मराठी शाळा आहे ही."
कमलम्माबाई खाली मान घालून गेल्या.

२९ जुलै
पुढच्या महिन्यात तपासणी. गुरुजी म्हणाले, वर्ग कच्चा निघाला तर शेरा तुमच्यावर, आणि बदली सांगोल्याकडे.
आईला दिसत नाही. तिला इथे कुणाच्या भरवशावर ठेवू? तिकडे टँकरच्या गावात नेऊन तरी काय करू? ज्यांना येतं ते सांगत नाहीत. ज्या सांगतात त्यांना बंदी.

३ ऑगस्ट
शाळा सुटली की गुपचूप कमलम्माबाईंकडे जाते. बाहेर मागाचा खडखडाट, आत त्यांच्या सासूबाई पार्वतम्मा माझे उच्चार ऐकून पदर तोंडाला लावतात. शिकतेय, आणि शिकलेले शब्द दुसऱ्या दिवशी हळूच वर्गात वापरतेय.

२१ ऑगस्ट
तपासणी झाली. साहेब बोट दाखवतील ते पोरं मराठीत सांगत होती. मायाक्कानं तर पूर्ण वाक्य म्हटलं. साहेब खूश. "महिपतराव, पुण्याला गेल्याचं चीज केलंत. आता इतर शाळांच्या शिक्षकांनाही तुम्हीच शिकवा."
बदली टळली. तरी भाकऱ्या थापताना रडू आलं. माझं नि कमलम्माबाईंचं नाव कुणी घेतलं नाही.

२४ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर गुरुजींनी थांबवलं. "बसा," म्हणाले. टेबलावरची टाचणी फिरवत राहिले.
"तिथं सगळं इंग्रजीत होतं, बाई. मला काही कळलं नाही. विचारायची लाज वाटली. इथं येऊन सांगणार काय?" मग अगदी हळू, "तुम्ही कसं केलंत?"
तशीच उठून घरी आले. या माणसाला इतके दिवस भीत होते!

२६ ऑगस्ट
आज गुरुजी आपणहून माझ्या वर्गात आले, पोरांच्या मागे सतरंजीवर मांडी घालून बसले. मी दुसरीची पोरं इकडेच आणली, कमलम्माबाईंच्या हातात खडू दिला, आणि गुरुजींच्या शेजारी जाऊन बसले.